ज्याचा फोटोच नाही, त्यालाही पान द्या: घराची फोटोकथा मांडण्याविषयी

सोलापुरातल्या कुठल्याही जुन्या घरातला अल्बम उघडा, साधारण तीच पानं निघतात. लग्न, बारसं, स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यासमोर उभं केलेलं कुटुंब, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी पाहुणे, गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, नव्या कपड्यांतली मुलं. हे सगळे सणाचे दिवस. उरलेलं वर्ष ज्यात गेलं, ते गिरणीतलं साचाखातं (मागांचा विभाग), घरातला माग, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणं, नळावरची रांग, यातलं काहीच तिथे नसतं. रोल महाग होता, आणि काम ही फोटो काढण्यासारखी गोष्ट आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

म्हणून घराची फोटोकथा करायची म्हणजे अल्बममधले चांगले फोटो निवडून ओळीने लावायचे, एवढ्यावर भागत नाही. अल्बम आठवण साठवतो; फोटोकथेत एक फोटो दुसऱ्याशी बोलावा लागतो आणि ज्याचा फोटो कधी निघालाच नाही त्याचीही जागा दाखवावी लागते. माझ्या मते याच जागेवरून कथा बरी की वाईट ते ठरतं. पुढे जे सांगतोय ते पहिल्यांदाच असं काही करणाऱ्यासाठी आहे. हातात फोन, घरात एक पत्र्याची पेटी आणि विचारायला एखादं वडीलधारं माणूस, एवढं असलं की सुरुवात होते.

आधी एक प्रश्न

'आमचं घराणं' हा विषय होत नाही, तो फार पसरट आहे. प्रश्न लहान हवा. आजीने आयुष्यभर हाताने काय काय केलं? घरातला माग कधी आला आणि कधी विकला? चुलते पुण्याला गेले तेव्हा घरात काय बदललं? प्रश्न एका वाक्यात बसला पाहिजे. ते वाक्य कागदावर लिहून समोर चिकटवा. पुढे दोनशे फोटोंतून वीस निवडताना तेच कामी येतं, कारण तोवर प्रत्येक फोटो जिवाभावाचा झालेला असतो.

या लेखापुरतं एक घर मनाशी धरू. सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारं. आजोबा गिरणीत साच्यावर, आजी विड्या वळणारी, वडिलांनी घरातच टॉवेलचा यंत्रमाग टाकलेला. आपला प्रश्न: या घराला तिघांच्या हातांनी कसं उभं केलं?

फोटो गोळा करताना

फोटो एका घरात नसतात. आत्याच्या सासरी, मावशीच्या कपाटात, चुलत्यांच्या फ्रेममध्ये विखुरलेले असतात. मागायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. आधी मिळालेल्या दोन-तीन फोटोंच्या प्रती घेऊन जा. हातात फोटो पडला की माणूस बोलू लागतं आणि उठून आतून आणखी चार आणतं. मूळ फोटो घरी आणण्याचा हट्ट धरू नका. जमेल तिथे त्यांच्याच घरी बसून स्कॅन करा, आणि कुठला फोटो कुणाकडचा याची वहीत नोंद ठेवा.

प्रत्येक फोटो उलटा करून पाहा. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेलं नाव, कधी पत्राच्या दोन ओळी असतात. समोरच्या बाजूइतकीच मागची बाजूही स्कॅन करायची.

वर्ष विचारलं तर कुणाला आठवत नाही, आणि आग्रह केला तर माणूस अंदाजाने काहीतरी सांगून मोकळं होतं. त्यापेक्षा गावाच्या घटना धरून विचारा. सोलापूरला हे सोपं आहे. जुन्या माणसांच्या बोलण्यात 'मार्शल लॉच्या साली' येतं, ते १९३०, शहरात लष्करी कायदा लागला ते वर्ष. नगरपालिकेची महानगरपालिका झाली १९६४ मध्ये. बहात्तरचा दुष्काळ तर प्रत्येक घराला पाठ आहे: 'हा फोटो सुकडी खायचो त्याच्या आधीचा की नंतरचा?' असं, दुष्काळात वाटलेल्या त्या खाऊची आठवण देऊन, विचारलं की उत्तर खात्रीने येतं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा; त्या रात्री घराबाहेर कोण कोण झोपलं होतं हे अजून सांगितलं जातं. यांच्या मधे लग्नं आणि जन्म बसवले की वर्षं आपोआप जवळ येतात.

फोटोचा कागदही बोलतो. पांढरी, नागमोडी कातरलेली कड असलेला कृष्णधवल फोटो बहुतेक वेळा साठच्या दशकातला किंवा त्याआधीचा. लहान चौकोनी, ६ सेंमी बाजूचा फोटो आगफा क्लिकसारख्या साध्या कॅमेऱ्यातल्या १२० रोलवरून निगेटिव्हच्याच मापाचा काढलेला असू शकतो. तांबूस-लालसर झालेला रंगीत फोटो बऱ्याचदा सत्तर-ऐंशीच्या दशकातला, कारण त्या कागदातला निळसर रंग आधी उडतो. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख असेल तर नव्वदीच्या आसपासचा, पण त्या तारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कॅमेऱ्यात तारीख लावायचं बरेच जण विसरत.

बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. एखाद्या फोटोपाशी आजी गप्प झाली तर पुढचा फोटो घ्या. तो फोटो छापायचा की नाही, हे तिने ठरवायचं.

स्कॅन

६०० डीपीआयला (दर इंचात ६०० ठिपके) स्कॅन केलं तर फोटो छपाईत दुप्पट मोठा करता येतो. ६ सेंमीच्या चौकोनी फोटोला १२०० लावा, म्हणजे तो २४ सेंमीपर्यंत जातो. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या जागी फोटो सपाट ठेवा, फोन त्याला अगदी समांतर धरा, फ्लॅश बंद. काचेच्या फ्रेममधला फोटो निघत असेल तर बाहेर काढून घ्या. काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, तसाच टिपा. ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम फोटो खातात. तिथे जोर लावला की फोटो फाटतो. फोटोमागे दातांचा बारीक धागा सरकवून पाहा, नाही सुटला तर पानासकट स्कॅन करा.

नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. छपाईत ते १३-१४ सेंमी पुरतं, पूर्ण पानाला नाही. 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा.

एक कळकळीची विनंती. जुना फोटो 'नवा' करून देणाऱ्या ॲपमध्ये माणसांचे चेहरे घालू नका. ते ॲप पुसट झालेले डोळे, दात, गालाची ठेवण अंदाजाने बनवतं. चेहरा स्वच्छ दिसतो, पण तो आजोबांचा राहत नाही. धूळ, रेघा पुसा, उजेड सारखा करा, तिथे थांबा. आणि फोटो आरशासारखा उलटवू नका. पानावर नजर आत वळावी म्हणून काही जण तसं करतात. मग पदर दुसऱ्या खांद्यावर जातो आणि घरातली बाई ते पहिल्या नजरेत ओळखते.

नसलेले फोटो

आता वहीत दोन याद्या करा: काय आहे आणि काय नाही. आपल्या घराच्या यादीत आजोबांचा लग्नातला फोटो आहे, साच्यावरचा नाही. आजीचे तीन फोटो, तिन्हीत ती कडेला उभी, एकात अर्धी कापलेली. वडिलांच्या मागाचा एकही नाही.

या रिकाम्या जागा भरायला आजच्या वस्तू आणि आजची माणसं आहेत. विड्या वळणाऱ्या बाईच्या घरी पत्र्याचा फर्मा असतो: तळहातात मावेल एवढा, तेंदूचं पान त्याच्या मापाने कात्रीने कापायचं. वर्षानुवर्षं वापरलेल्या फर्म्याच्या कडा घासून गुळगुळीत होतात आणि अंगठा जिथे दाबतो तिथला पत्रा चकचकीत राहतो. तो फर्मा काळ्या कापडावर ठेवून, खिडकीच्या उजेडात, जवळून काढलेला एक फोटो आजीच्या चाळीस वर्षांबद्दल जे सांगेल ते तिच्या त्या तीन फोटोंत नाही. तसंच गिरणीचं ओळखपत्र, फंडाचा कागद, जेकार्डची (मागावर नक्षी ठरवणारी) भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, घरात विणलेली आणि अजून अंथरलेली चादर. माग विकला असेल तर फरशीवर त्याच्या पायांच्या खुणा असतात. त्यांचा फोटो काढा.

माणसांचे नवे फोटो काढताना चार अंतरांवरून काढायची सवय लावा. लांबून, म्हणजे घर आणि गल्ली कळेल. मधून, म्हणजे माणूस आणि त्याचं काम एकत्र दिसेल. जवळून, हात किंवा वस्तू. आणि एक सरळ चेहऱ्याचा, नजर कॅमेऱ्याकडे. नवशिक्याकडे बहुतेक सगळे फोटो मधल्या अंतरावरचे निघतात आणि मग पानं एकसुरी होतात.

सोलापूरचं ऊन ध्यानात घ्या. मार्च ते मे या महिन्यांत सकाळी दहानंतर अंगणात काढलेल्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे पडतात. सकाळी नऊच्या आत, किंवा दाराच्या आत दोन पावलं उभं करून काढा. बाहेरच्या भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्याला छान लागतो. मागाच्या शेडमध्ये ट्यूबलाइट असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की फोटोत उजेडाचे पट्टे येत नाहीत. १/५० वर मागाचा हलता भाग पुसट होतो आणि शेजारी उभा माणूस स्थिर राहतो, ते चांगलंच दिसतं. शेडमध्ये कापसाची तूस उडत असते, लेन्स पुसत राहा.

आणि जिथे वस्तूही उरली नाही, जागाही उरली नाही? जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आल्या. आज यातली एकही चालू नाही. आजोबांचा साच्यावरचा फोटो आता कधीच मिळणार नाही. तिथे इंटरनेटवरून दुसऱ्या कुठल्या तरी गिरणीचा फोटो आणून लावू नका. पानावर फोटोच्या मापाची चौकट रिकामी सोडा आणि खाली आजी काय सांगते ते लिहा: ते घरी आल्यावर केसांत कापूस कसा असायचा, भोंगा झाला की ती चहा कधी टाकायची. वाचणारा त्या रिकाम्या चौकटीपाशी इतर कुठल्याही पानापेक्षा जास्त वेळ थांबतो.

जमिनीवर मांडा

संगणक अजून उघडू नका. निवडीत येऊ शकणाऱ्या सगळ्या फोटोंच्या स्वस्तातल्या ४×६ प्रती काढा आणि जमिनीवर पसरा. प्रश्नाशी ज्याचा संबंध नाही तो बाजूला. एकच गोष्ट सांगणारे दोन असतील तर एक बाजूला. 'फोटो सुंदर आहे' हे ठेवायला पुरेसं कारण नाही. तो सुंदर फोटो फ्रेम करून भिंतीवर लावा.

मग क्रम. वर्षाप्रमाणे लावणं सगळ्यात सोपं आणि बहुधा सगळ्यात कंटाळवाणं. जोड्या लावून पाहा: आजीचा लग्नातला बांगड्या भरलेला हात आणि आजचा फर्मा धरलेला हात. आजोबांचं ओळखपत्र आणि नातवाचं पुण्यातल्या कंपनीचं. दोन फोटो शेजारी आले की दोघांत नसलेलं तिसरंच काही दिसायला लागलं, तर ती जोडी ठेवा. मांडणी तशीच ठेवून रात्र जाऊ द्या आणि सकाळी घरातल्या कुणाला तरी, काही न सांगता, क्रमाने पाहायला सांगा. जिथे त्यांना 'हे इथे का?' विचारावं लागलं, ती जागा कच्ची.

पानांचा आराखडा

पहिल्या कामाला १६ पानं पुरतात. मधे पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात. पहिलं पान मुखपृष्ठ, सोळावं मलपृष्ठ, मधे सात जोडपानं, म्हणजे समोरासमोर उघडणाऱ्या पानांच्या जोड्या. आठवं-नववं पान हा कागदाचा मधला एकसंध भाग असतो, म्हणून दोन पानांवर पसरलेला एकच मोठा फोटो द्यायचा असेल तर तो इथेच द्या. बाकी ठिकाणी दोन तुकडे एखाद मिलिमीटर वरखाली सरकू शकतात. घडीवर चेहरा येऊ देऊ नका.

ए-४ उभं पान घेतलं तर माप असं ठेवता येईल: आतला समास २० मिमी, बाहेरचा १६, वर २०, खाली २५. उरलेल्या १७४ मिमी रुंदीत ५४ मिमीचे तीन रकाने, मधे ६ मिमी मोकळे. उंचीचे चार भाग. आता प्रत्येक फोटो एक, दोन किंवा तीन रकान्यांचा: ५४, ११४ किंवा १७४ मिमी. एवढी शिस्त पाळली की पानं नीट दिसतात, आणि ती मोडायची असेल तेव्हा एकाच पानावर, ठरवून मोडता येते.

प्रत्येक जोडपानावर एकच फोटो राजा. दुसरा त्याच्या निम्म्याहून लहान असावा. सगळ्यांना सारखी जागा देण्याचा मोह घरच्या कामात फार होतो, कारण कुणी रुसायला नको. पण सहा सारखे फोटो एका पानावर आले की डोळा कुठेच थांबत नाही. रुसवे टाळायचे असतील तर शेवटी एक पान सगळ्यांच्या लहान चेहऱ्यांचं करा.

आपल्या घराचं उदाहरण घ्या. मुखपृष्ठावर फक्त फर्मा. २-३ वर डावीकडे मजकूर, उजवीकडे गल्लीचा लांबून काढलेला फोटो. ४-५ वर स्टुडिओतलं कुटुंब, १७४ मिमीचं, शेजारी त्याची मागची बाजू ५४ मिमीची, शिक्क्यासकट. ६-७ आजोबांची रिकामी चौकट आणि ओळखपत्र. ८-९ आजी विड्या वळताना, दोन्ही पानं भरून. १०-११ लहान फोटोंचं गजबजलेलं पान: गड्डा, पांढऱ्या बाराबंदीत जत्रेचे नंदीध्वज (उंच काठ्या) धरणारे काका, मुलं. मोठ्या शांत फोटोनंतर अशी गर्दी बरी वाटते. १२-१३ फरशीवरच्या मागाच्या खुणा आणि वडिलांचा चेहरा. १४-१५ नातवंडं आणि सगळे चेहरे. मलपृष्ठ कोरं.

जुने फोटो त्यांच्या पांढऱ्या कडेसकट, घडीच्या रेघेसकट छापा. ती वस्तू आहे हे कळू द्या. नवे फोटो कडेशिवाय. काळ बदलला हे वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. माणूस ज्या दिशेला पाहतोय त्या बाजूला मोकळी जागा ठेवा, आणि शक्यतो ती नजर पानाच्या आत वळलेली असू द्या.

अक्षर आणि फोटोओळी

फॉन्ट एकच घ्या. 'मुक्ता' साधा आणि स्वच्छ आहे. पुस्तकी वळण हवं तर 'तिरो देवनागरी मराठी', त्यात ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. दोन्ही फुकट. मजकूर ११ पॉइंट, ओळींमधलं अंतर १७ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. अरुंद रकान्यात मजकूर दोन्ही बाजूंनी ताणू नका. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळा. पानं मांडायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर 'वर्ल्ड-रेडी' परिच्छेद पर्याय सुरू करा, त्याशिवाय जोडाक्षरं फुटतात. स्क्रायबस फुकट आहे. कॅनव्हातही हे काम होतं.

फोटोओळीत जे दिसतंय ते पुन्हा लिहू नका. 'आजी विड्या वळताना' हे फोटोतच आहे. कोण, कुठे, साधारण कधी, आणि दिसत नाही असं एक काहीतरी. असं: 'डावीकडून आत्या, आजी, मांडीवर बाबा. सुमारे १९७०, घरासमोरच्या ओट्यावर. हातातलं घड्याळ शेजाऱ्यांचं, फोटोपुरतं मागून आणलेलं.' तारीख नक्की नसेल तिथे 'सुमारे' लिहायला लाजू नका. आजीने तेलुगूत सांगितलेली एखादी ओळ तशीच देवनागरीत ठेवा आणि खाली मराठीत अर्थ द्या. घरच्यांना त्यात तिचा आवाज ऐकू येतो.

छापण्याआधी

प्रेसवाल्याला पीडीएफच द्या, बदल करता येणारी उघडी फाइल नाही. त्यांच्या संगणकावर फॉन्ट बदलला की मराठी मजकुराचं वाटोळं होतं. फोटो प्रत्यक्ष मापाला ३०० डीपीआय, आणि कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोंना चारी बाजूंनी ३ मिमी जास्त. डिजिटल प्रेसचा १३×१९ इंची कागद ए-४ जोडपानाला पुरतो. चकचकीत आर्ट पेपरपेक्षा मॅट घ्या, कृष्णधवल फोटो त्यावर जास्त खोल दिसतात आणि ट्यूबलाइटचा झोत पडत नाही.

पण सगळ्या प्रती काढण्याआधी साध्या कागदावर एक डमी छापून, घडी घालून, पिन मारून वडीलधाऱ्यांच्या हातात द्या. नावं, नाती, डावं-उजवं तेच तपासतील. एखादा फोटो काढून टाका म्हणाले तर कारण न विचारता काढा. लहान मुलांचे फोटो किंवा घरातल्या मतभेदांशी जोडलेले फोटो पुस्तिकेत असले, तरी इंटरनेटवर टाकण्याची परवानगी वेगळी घ्यायची.

ज्या ज्या घरातून फोटो आले तिथे एकेक प्रत पोचवा. स्कॅन, फोटोच्या मागच्या बाजू, रेकॉर्डिंग आणि नावांची वही हे सगळं एका फोल्डरमध्ये घालून दोन वेगवेगळ्या घरांतल्या हार्डडिस्कवर ठेवा, आणि फाइलला 'आयएमजी ४५२१' असं नाव न ठेवता वर्ष, माणूस आणि फोटो कुणाकडचा, या क्रमाने नाव द्या.